धुतलेली रेती

बाई, गावानं तुम्हाला वेडी ठरवलं.

तेरवीची गोष्ट आहे. जेवणं आटोपली, पुरुषमंडळी पारावर गेली आणि तुमच्या ओट्यावर बाया बसल्या. शेजारची कांता बोलता बोलता बोलून गेली. तिच्या मनात वाईट काही नव्हतं, तिचे डोळे रडून सुजलेलेच होते. ती म्हणाली, शेवटी शेवटी म्हातारी हापशीवर बसून रेती धुवत होती. टोपल्यात घ्यायची, पाणी ओतायची, गढूळ पाणी सोडून द्यायची, पुन्हा ओतायची. मग पोत्यावर वाळत घालायची आणि वाळली की कोंबड्यांच्या जाळीत नेऊन पसरायची. एकीनं विचारलं, रेती कोनी धुते का वो? दुसरी म्हणाली, वयानं होते असं, आमची सासू कढीपत्त्याच्या झाडाले जेवाले बोलवे. मग थोडं हसू झालं. मोठ्यानं नाही, पदराआडचं. तुमच्या फोटोवरचा हार अजून सुकला नव्हता आणि तुमच्याच ओट्यावर बाया तुमच्यावर हसत होत्या.

मी तिथंच बसले होते. तुमची धाकटी जाऊ, तुमच्या भिंतीला भिंत लागून राहणारी. ती रेती कशासाठी धुतली जात होती हे साऱ्या बोरी गावात एकट्या मला ठाऊक होतं. मी काय केलं? उठले आणि चहाचे कप गोळा केले.

हसणं एक वेळ पचवलं असतं. बाया तेरवीला थोड्या हसल्या नाहीत तर घरी जाऊन चूल कशी पेटवतील? पण प्रवीण आतल्या खोलीत होता, त्यानं सगळं ऐकलं. सगळे पांगल्यावर तुमचा लेक माझ्या दारात येऊन उभा राहिला. तुरी-सोयाबीनच्या खरेदीत इतके सौदे करतो, पण त्या वेळी त्याला तोंड उघडायला जड जात होतं. म्हणाला, काकू, आईचं डोकं चळलं होतं का? तुमी रोज पाहत होत्या, मले काहून नाई सांगतलं? यवतमाळले नेलं असतं, दाखवलं असतं. मी दारव्ह्याले बसून राह्यलो आन इकडं माही माय रेती धुवे, मले पत्ताच नाई.

मी म्हटलं, नाही रे बाप्पा, तुझी आई शेवटपर्यंत शहाणी होती. तो म्हणाला, मंग रेती काहून धुवत होती?

बाई, उत्तर जिभेवर होतं, जीभ उचलली नाही. तो बाजाराच्या दिवशी पुन्हा येणार आहे, सिमेंटच्या थैल्या घेऊन. कोंबड्या कांताला देऊन टाकायच्या आणि जाळीतली सगळी जागा काँक्रीटनं पक्की करायची, असं त्यानं ठरवलं आहे. तुमाले झाडझूड कराले बरं होईन, काकू, म्हणतो. आणि मला माहीत आहे, तो तोच प्रश्न पुन्हा विचारणार. आईची ती अर्धवट रेती पाहील आणि विचारील.

आता तुम्हीच सांगा, मी काय सांगू त्याला? खरं सांगायचं तर माझं सांगावं लागतं. आणि माझं तर तुम्ही उभा जन्म पदराखाली झाकून ठेवलंत.

मला दमा आहे, बाई. बघा, नुसतं कागदावर लिहितानाही हात अडला.

माझ्या वडिलांनी लग्नात ते लपवलं. पाहायला आले त्या दिवशी मला सकाळपासून गरम पाणी पाजून बसवलं होतं आणि पाहुण्यांपुढे मी एकदाही खोकले नाही. तुमच्या घरी आले ती कापसाच्या हंगामात. मधल्या खोलीत कापूस पार आढ्यापर्यंत भरलेला, आणि नव्या नवरीचं अंथरूण त्याच्याच शेजारी. थोड्याच दिवसांत तुम्ही मला न्हाणीमागे पाहिलं, भिंतीला हात टेकून श्वास ओढताना. तुम्ही काही विचारलं नाही. पाठीवरून हात फिरवत राहिलात आणि श्वास जागेवर आला तेव्हा एवढंच म्हणालात, "बुडीले समजू देऊ नोको." बुडी म्हणजे आपली सासू. ती मला परत पाठवायला मागंपुढं पाहणार नव्हती, हे तुम्हाला माझ्याआधी कळलं होतं.

पण त्यानंतर तुम्ही जे सुरू केलंत ना, त्याची मला कल्पना नव्हती. तुरी पाखडायला बसलो की सासूसमोर म्हणायच्या, आत्याबाई, हिले सूप धरता येत नाई, सारं सांडवते. मिरच्या कांडायच्या निघाल्या की, हिच्या हातचं तिखट कोन खाईन? कापसाची खोली झाडायची असली की, ठेवा तिले तिकडंच, हिले कोपरे दिसत नाई. सासूनं ते साऱ्या बोरीत वाजवलं. धाकटी सून शिकेल आहे, पण काडीच्या कामाची नाही. मी रात्रंदिवस कुढायची. दिवाळीला माहेरी गेले तर आईजवळ तुमच्या नावानं रडले. म्हटलं, थोरली जाऊ म्हणजे निव्वळ कैदाशीण आहे, मला कशाला हात लावू देत नाही आणि वरून नावं ठेवते.

मग तो हरभरा आला. तुम्ही विहिरीवर गेल्या होत्या आणि सासूनं माझ्या हातात सूप दिलं. पाखड म्हणाली, पाहू तं खरं. मी दोन सुपं पाखडली असतील, नाकात भुसकट जाऊन छाती आवळायला लागली, तेवढ्यात तुम्ही आलात. घागर तशीच टेकवली, माझ्या हातातलं सूप ओढलं आणि ओढता ओढता ते तिरपं केलं. सगळा हरभरा अंगणात. पाहा, म्हणालात, पाह्यलं का आत्याबाई, सांगत होती ना मी! सासू माझ्यावर ओरडत सुटली. मी तुमच्याकडे पाहत होते. तो हरभरा तुम्ही सांडवला होता, बाई. मुद्दाम. मी तुमचं मनगट वळताना पाहिलं. तुम्हीही पाहिलंत की मी पाहिलं. मग तुम्ही खाली बसून दाणे वेचायला लागलात आणि मला म्हणालात, जा, चहा ठेव, तेवढं तरी येते का?

तेव्हापासून मला सगळं ठाऊक होतं. पण बोललो का आपण कधी? नाही. आभार मानायचे तर आधी आजार कबूल करावा लागतो, आणि तो या घरात नव्हताच.

माझी नोकरी तुमच्या एका टोमण्यावर लागली हे लोकांना सांगितलं तर खरं वाटणार नाही. दारव्ह्याला तहसीलात कारकुनाची जागा निघाली होती. ह्यांची इच्छा होती, पण आईसमोर त्यांचं तोंड कधी उघडलं? सासू म्हणाली, सून नोकरी करीन तं घरचं कोन पाहीन? तुम्ही भाकरी थापत होत्या, मान वर न करता बोललात, "घरात तं काही कामाची नाई हे. जाऊ द्या, तितं बसून कागदं खराब करन." सासूला ते पटलं. मी त्या एका वाक्यावर निवृत्त होईपर्यंत खुर्चीत बसले. फायलींची धूळ काही कमी नव्हती, पण तिथं खिडकी होती, पंखा होता, खोकला आला तर चहा प्यायला बाहेर जाता येत होतं. आज माझ्या हातात जे काही आहे ते तुमच्या त्या भाकरीच्या परातीपाशी ठरलं.

सासू गेल्यावर तरी सांगायला काय हरकत होती? मग माझ्या निशाचं लग्न होतं. दम्याच्या मायची पोरगी कोण करते, म्हणून गप्प. निशाचं झालं, आणि मग गप्प राहायची सवयच लागली. औषधाचा पंप मी आजही तांदळाच्या डब्यात ठेवते. तो कोणत्या डब्यात आहे हे तुम्हाला माहीत होतं. तुम्ही तांदूळ उसने मागायला कधी आला नाहीत.

आता कोंबड्यांचं. निवृत्त होऊन मी दारव्ह्याहून बोरीला परत आले तेव्हा आपले दोघींचेही नवरे गेलेले, पोरं आपापल्या गावी. दोन घरं, मध्ये भिंत, मागचं परस, सांदवाडी, तेवढी दोघींची एक. वेळ जात नव्हता म्हणून मी दारव्ह्याच्या बाजारातून कोंबड्या आणल्या. जीपमध्ये टोपली मांडीवर घेऊन बसले होते आणि शेजारची बाई साऱ्या रस्त्यानं नाकाला पदर लावून होती. घरी आले तर तुम्ही गळ्यातली माळ धरून उभ्या. मी माळकरी बाई, म्हणालात, तुह्या हातचं पानीही घेनार नाई आजपासून. आणि खरंच घेतलं नाही. भिंतीवरून बोलायच्या, तेही माझ्याशी नाही, भिंतीशी.

मग ती खैरी कोंबडी उडून तुमच्या बाजूला गेली. तुम्ही ज्वारी निवडत होत्या. मी घाबरून धावत आले, म्हटलं, आता ही तिला काठी घालते. पाहते तर कोंबडी सुपात उभी आणि तुम्ही तिला म्हणून राह्यल्या, खाय ना मग, आता आलीच आहे तं. त्या दिवसापासून कोंबड्या तुमच्या झाल्या, मी नुसती नावाची मालकीण. अंड्याला तुम्ही शेवटपर्यंत बोट लावलं नाही, काडीनं सुपात ढकलत न्यायच्या, पण कोंबडी मात्र कडेवर घेऊन फिरायच्या. एकही कापू दिली नाही, कापणाऱ्याला विकू दिली नाही. कोंबडीला म्हातारपण येतं हे बोरीनं आपल्या घरी पाहिलं.

आणि मग आपलं भांडण सुरू झालं. जाळीच्या आत, खाली, जमिनीवर काय टाकायचं?

मी जाळी ठोकून घेतली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही ती जागा शेणानं सारवून काढलीत. पार गुळगुळीत, कडेनं बोटांची नक्षी सुद्धा. मला हसावं की रडावं कळेना. कोंबड्या त्या ओल्या सारवणावरून पाय झटकत चालत होत्या. मी म्हटलं, बाई, कोंबडीला उकरायला लागतं, तिला अंगण नको, माती पाहिजे. तुम्ही म्हणालात, आंगन म्हनजे आंगन, कोंबड्यायचं असो का मानसायचं, सारवल्याबिगर मी ठेवत नाई. दोन दिवसांआड सारवण. ते वाळेपर्यंत कोंबड्या ओल्यात. मग त्यांच्या नखांना शेणाचे गोळे, पोटाखालची पिसं चिकटलेली.

दारव्ह्याला गुरांच्या दवाखान्यात मी विचारून आले. ते म्हणाले, खाली गादी करा. सुक्या कुटाराचा किंवा भुशाचा जाड थर घाला, कोंबड्या तो वरखाली करतात, घाण सुकते, पाय चांगले राहतात. मी हे येऊन तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही किती वेळ हसलात! "मानसाले सतरंजी आन कोंबडीले गादी!" साऱ्या गल्लीला सांगत फिरलात.

तरी सोयाबीन निघाल्यावर मी तुमच्याच शेतातलं, मळणीतून उरलेलं कुटार आणवलं आणि घोटाभर उंच पसरलं. कोंबड्यांना काय आनंद झाला! राहिलेला एकेक दाणा शोधत दिवसभर कुटार उडवत होत्या. आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, दिवा लावायच्या वेळी, मी भिंतीला टेकले. पंपानं भागलं नाही. तुम्ही जीप थांबवलीत आणि मला दारव्ह्याला दवाखान्यात नेलंत, वाफ देईस्तोवर माझ्या पायाशी बसून होत्या. जीपवाल्याला सांगितलंत, हिच्या चष्म्याचा नंबर वाढला. असा वाढतो का चष्म्याचा नंबर, संध्याकाळी अचानक? पण त्यानं मानलं. तुमच्या तोंडून आलेलं सगळे मानायचे.

परत आलो. मी दुपारी उठून पाहते तर जाळीतलं सगळं कुटार गायब, उकिरड्यावर नेऊन टाकलेलं, आणि खाली सारवलेलं. मी विचारलं, हे काय केलं? तुम्ही म्हणालात, कुटारात साप येते.

त्यानंतर मी आरा मशीनवरून सागाचा भुसा आणला. त्यानं म्हणे कोंबड्यांचे डोळे येतात. सागाची पानं आणली, त्यात म्हणे विंचू. तुरीचं भुसकट आणलं, त्याला म्हणे मुंग्या लागतात. तुमच्याजवळ कारणांची कमी नव्हती, आणि प्रत्येक कारणानंतर शेणाची पाटी तयार. मी भांडायची. खरंच भांडायची, लटकं नाही. कारण मला त्या कोंबड्यांचं दुःख दिसत होतं आणि माझ्या छातीचं मला काही वाटत नव्हतं. तुम्हाला उलटं होतं. पण हे ना तुम्ही म्हणाल्या ना मी. सापविंचवांवरून आपण दोघी इतक्या वर्षांच्या म्हाताऱ्या बाया तावातावानं भांडत राहिलो.

खैरीच्या पायाला फोड आला तो त्या कडक, ओल्या जमिनीनं. हळद लावली, चिंधी बांधली, तुम्ही तिला घरात निजवली. मेली ती. तुम्ही सांदवाडीत लिंबाखाली तिला पुरलीत आणि पुरताना हुंदके दिलेत, मी पाहिलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा शेणाची पाटी घेऊन जाळीत! मग माझा तोल गेला. मी ओरडले, बाई, तुमच्या सारवणापायी ती कोंबडी मेली, अजून किती मारणार?

तुम्ही खाली बसल्या होत्या, हात शेणात. वर पाहिलं नाही. "मरन तं मरन एखादी कोंबडी," म्हणालात. "कोंबडी दुसरी भेटते."

आणि थांबलात.

माळ घातलेली बाई, अंड्याला हात न लावणारी, आदल्या दिवशी त्या जिवासाठी रडलेली. पुढचं वाक्य तुमच्या ओठांवर होतं, बाई. मला ऐकू आलं ते. मी तिथं उभी राहिले, तुम्ही सारवत राहिलात. आपण दोघी सख्ख्या बहिणींपेक्षा जवळ आलो असू तर त्या वेळी आलो. मग मी तुमच्यासाठी पाण्याची बादली भरून आणली आणि विषय तिथंच राहिला.

यंदा तुमचे गुडघे गेले. वाकता येईना, बसून बसून सरकत सारवायच्या. मी म्हणायची सोडा, तुम्ही ऐकायच्या नाहीत. संक्रांतीला प्रवीणकडे दारव्ह्याला गेल्या होत्या, त्याच्या बांधकामाची रेती रस्त्याकडेला पडून होती. तिथं तुम्ही काय पाहिलं ते मला येऊन सांगितलंत, आणि सांगताना तुमचा चेहरा असा खुलला होता की मला वाटलं नातवाचं लग्न ठरलं. पावसानं धुतलेली रेती होती ती, जाड जाड. लेकरं तिच्यावर उड्या मारत होती आणि धूळ उडत नव्हती. मंदा, म्हणालात, उडतच नाई वो! धूळ उडत नाही याचा कोंबड्यांशी काय संबंध, हे मी विचारलं नाही.

प्रवीणनं उरलेली रेती ट्रॅक्टरनं पाठवून दिली. ती बहुधा ढिगाच्या तळची असेल. तुम्ही मूठभर घेऊन वाऱ्यावर सोडली, तिच्यातून धूळ निघाली, तुमचं तोंड उतरलं. मग तुम्ही एक टोपलं हापशीवर नेलंत, धुतलंत, वाळवलंत, पुन्हा वाऱ्यावर सोडलंत. दाणे सरळ खाली पडले. बस्स. तिथून तुम्ही रेती धुवायला लागलात. थंडीत, सकाळी, त्या गेलेल्या गुडघ्यांनी. मी मदतीला आले तर हाकलून द्यायच्या. वल्ल्यात बसू नोको, तुह्यानं नाई होत. कांतानं विचारलं, काकू, रेती काहून धुता? तर तुम्ही म्हणालात, धुतली म्हनजे कोंबड्यायचे पाय गोरे राह्यते.

अहो, असं कारण देतात का कोणी! साप चालला असता, विंचू चालला असता. तुमची कारणं संपली होती, बाई, इतक्या वर्षांत सगळी वापरून झाली होती, म्हणून हे गोऱ्या पायांचं काढलंत. आणि त्याच्यावरून गावानं तुमचं डोकं तपासलं.

अर्धी जाळी भरली होती. हापशीच्या बाजूची अर्धी. कोंबड्या तुमचं सारवण सोडून साऱ्या तिकडेच जाऊन बसायच्या, अंगावर रेती उडवून घ्यायच्या आणि मी जाळीत उभी राहून त्यांना दाणे टाकायची. छाती मोकळी. तुम्ही पाटावर बसून माझ्या श्वासाकडे कान लावून असायच्या आणि मी मुद्दाम तुमच्याजवळ जाऊन उभी राहायची. मग तुम्ही झोपेत गेलात. डॉक्टर म्हणाले, हृदय होतं, रेती उचलण्याचा त्याच्याशी संबंध नाही. मी त्यांना पुन्हा विचारलं. ते तेच म्हणाले. माझा मात्र जीव मानत नाही.

मला तुमचा राग येतो, बाई. एवढं काय अडलं होतं? एकदा म्हणाल्या असत्या, मंदा, कोंबड्या काढून टाक, तुझ्यानं सोसत नाही. मी काढल्या असत्या. नाही, खोटं कशाला बोलू, नसत्या काढल्या. तुमच्याशी भांडायला मला दुसरं होतं काय?

इथपर्यंत लिहून मी ठेवून दिलं होतं. आज बाजाराचा दिवस होता आणि प्रवीण येऊन गेला.

गाडीत सिमेंटच्या थैल्या होत्या. तो सरळ मागे सांदवाडीत गेला, जाळीचं दार उघडलं. त्या अर्ध्या भागात तुमचं सारवण पार भेगाळलं आहे, कोंबड्यांनी उकरून उकरून फुफाटा केला आहे. ह्या अर्ध्या भागात तुमची रेती. तो उकिडवा बसला, मूठभर रेती घेतली, बोटांतून सोडली. पुन्हा घेतली. माझ्याकडे न पाहता म्हणाला, किती साफ केली हो काकू तिनं. बिचारीले काही समजतच नसन तवा.

मग मी बोलले. कशी बोलले मला माहीत नाही. "प्रवीण, मले दमा आहे," म्हटलं. "लगनाच्या आंधीपासून. तुह्या आईनं तो कोनाले समजू देल्ला नाई. कुटाराची धूळ मले सोसत नाई, म्हनून ते सारवे. गुडघे गेले तं रेती धुवे."

त्या घराच्या आवारात तो शब्द पहिल्यांदा मोठ्यानं उच्चारला गेला. आढं कोसळलं नाही. कोंबड्या रेतीत बसून होत्या तशाच बसून राहिल्या.

प्रवीणनं मुठीतली रेती खाली ठेवली. मग हळूच म्हणाला, "म्हनजे आईचं डोकं..."

"तुह्यापेक्षा आन माह्यापेक्षा शाबूत होतं," मी म्हटलं.

तुमचा लेक तेरवीलाही रडला नव्हता, बाई. तुम्हाला उचललं तेव्हाही नाही. आज त्या जाळीत रेतीवर बसून रडला, केस पांढरे झालेला माणूस, पँटला कोंबडीची घाण लागली त्याचंही भान नाही. मला म्हणाला, माही माय बिघडून राह्यली होती आन मले फुरसत नव्हती, असंच मनात घेऊन झोपत होतो काकू रोज. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. दुसरं मला काही येत नाही.

सिमेंटच्या थैल्या त्यानं गाडीतून उतरवल्याच नाहीत. शर्टाच्या बाह्या वर केल्या, टोपलं घेतलं आणि हापशीवर जाऊन बसला. मी कांताच्या ओट्यावर गेले. तिथं त्याच बाया होत्या, बाजारातून येऊन भाजी निवडत बसलेल्या. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. दमा सांगितला, वडिलांनी लपवला ते सांगितलं, हरभरा सांगितला, चष्म्याचा नंबर सांगितला, गोरे पाय सांगितले. कांतानं कपाळावर हात मारला आणि तिला रडू फुटलं. एकही हसली नाही. दिवेलागणीपर्यंत गावभर झालं. निशाचा फोन आला, तिला मी स्वतःच सांगितलं. ती म्हणाली, आई, मला तुझ्या घशातला तो आवाज लहानपणापासून माहीत आहे, मोठी आई म्हणायची मांजर गुरगुरते. तिची मोठी आई म्हणजे तुम्ही.

तुम्ही झाकलेलं मी उघडं केलं, बाई. रागवायचं असेल तर रागवा, मी ऐकून घेईन. आता मला गावात जपून वागवतील, खुर्ची पुढे करतील, धुळीतून सरका म्हणतील, ज्याची मला आयुष्यभर भीती वाटली ते सगळं होईल. होऊ द्या. माझ्यापायी तुम्हाला वेडी म्हणून या गावात ठेवणं मला जमणारं नव्हतं.

प्रवीण दिवस बुडेपर्यंत धुवत होता, उद्या राहिलेली पूर्ण करतो म्हणून मुक्कामाला थांबला आहे. दिवस बुडायच्या आधी मी जाळीत जाऊन आले. कोंबड्या रेतीत पंख पसरून लोळत होत्या. धूळ जरा म्हणून उडत नाही, बाई. डोळ्यांत काही गेलं असं कोणाला सांगायची सोयही तुम्ही ठेवली नाही. प्रवीणनं हापशीवरून विचारलं, काय झालं काकू, आन मी खरं तेच सांगितलं, की मी तुमच्यासाठी रडून राह्यली.